बाविसावी चूल

आण्णांना राग येत असे, असे मी म्हणणार नाही. राग येतो आणि जातो. आण्णांकडे जे येई ते मुक्कामाला येई.

सांगलीच्या मार्केट यार्डामागे आमच्या कंपनीचे हळदीचे गोदाम आहे. त्याच्या फाटकावर सिद्धाप्पा कोळेकर, म्हणजे सगळ्यांचे सिधूआण्णा, गाड्यांची पाळी लावीत. कोणती गाडी आत घ्यायची, कोणती रस्त्याकडेला उभी ठेवायची, कोणत्या गावचा माल कुठल्या खणात उतरवायचा, हे सव्वीस वर्षे त्यांच्या शब्दावर चालले. या सव्वीस वर्षांत ज्यांनी त्यांना दुखावले, त्यांपैकी एकही मनुष्य सुटला असे मला आठवत नाही. त्या मालिकेत शेवटचे नाव माझे आहे.

उंच, काटक शरीर. वर कंपनीचा खाकी शर्ट, खाली धोतर, डोक्याला पांढरा पटका. हातात लोकर कातायची लाकडी चाती. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या धनगराच्या घरात ते जन्मले. वडिलांबरोबर मेंढरे घेऊन ते बालपणी घाट उतरले होते. फाटकावर उभ्या उभ्या त्यांची चाती फिरत राही आणि डोळे गाड्यांवर असत. "शंभरात माजं मेंढरू मी वळखतो," ते म्हणत, "मान्साचं तोंड ध्येनात ठेवाया कितीसं लागतंय?"

त्यांना कोणी टाकून बोलले तर ते उलट उत्तर देत नसत. फक्त म्हणत, "बरं." एवढेच. जुने हमाल या 'बरं'ला घाबरत. "शिव्या घाला आण्णा, पर बरं म्हनू नका," असे एकाने हात जोडून विनवलेले मी स्वतः ऐकले आहे.

आष्ट्याच्या बाबू ड्रायव्हरची गोष्ट गोदामात सर्वांना पाठ होती. आण्णा ऐन तारुण्यात असताना एकदा ते आणि त्यांचे वडील एक लंगडी मेंढी घेऊन मिरजेकडे निघाले होते. या बाबूने त्यांना ट्रकच्या मागे बसू दिले आणि निम्म्या वाटेत, भर उन्हात, मेंढरांचा वास येतो म्हणून खाली उतरवले. म्हातारा मेंढी खांद्यावर घेऊन उरलेली वाट चालला. पुढे आण्णा फाटकावर आले आणि एके दिवशी बाबूची गाडी समोर येऊन उभी राहिली. बाबूने त्यांना ओळखले नाही.

"आण्णा, माजा नंबर कवा?"

"ताडपत्री फाटलीया. शिवून आन."

बाबूने शिवून आणली. मग मागचा दिवा लागत नव्हता. मग फाळक्याची कडी सैल होती. मग चाकाचा एक नट कमी निघाला. सांगितलेले प्रत्येक व्यंग खरे असे. नियमाबाहेर आण्णा कधी गेले नाहीत.

"आवं आण्णा, सगळ्यांच्याच गाड्या आशा हायत की!"

"सगळ्यांचं मला काय करायचंय? तू तुज्या गाडीचं बोल."

असे नऊ वर्षे चालले. बाबूची गाडी अख्ख्या सांगलीत नवरीसारखी दिसू लागली. शेवटी एका सकाळी आण्णांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून खालून पाहिले आणि म्हणाले, "जा आत." मग ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन त्यांनी ती मिरजेच्या वाटेची गोष्ट सांगितली. बाबूला काहीच आठवेना.

"त्येच," आण्णा म्हणाले. "तू ईसरलास म्हनून तर येवडी वर्सं लागली."

मी त्या वेळी हसलो होतो. खरेदी आणि दर्जा या दोन्ही खात्यांचा मी प्रमुख. माझी खोली विश्रामबागेतल्या कार्यालयात, थंड हवेच्या यंत्राखाली. फाटकावरच्या गोष्टी मला करमणुकीच्या वाटत.

मग परदेशातले ग्राहक विचारू लागले की तुमच्या एका पोत्यामागे धूर किती होतो, डिझेल किती जळते, पाणी किती लागते. हळद शेतातून निघाली की ती गावातल्याच चुलीवर शिजवतात, वाळवतात, आणि मग ट्रक ती आमच्याकडे आणतो. या सगळ्या वाटेचा पर्यावरणाला होणारा जाच कमी करायचा, म्हणून कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेची एक यंत्रणा आणली. कोणत्या गावचा माल कोणत्या दिवशी कोणत्या गाडीने आणला म्हणजे गाडी रिकामी धावणार नाही, हे ती ठरवी. शिवाय हळद शिजवणाऱ्या प्रत्येक चुलीला ती एक रंग देई. हिरवी, पिवळी, लाल. लाल चुलीची हळद परदेशी मालात जाणार नाही. ती स्थानिक बाजारासाठीच, कमी भावाने घ्यायची, असा नियम झाला.

आण्णांनी तिचे नाव पहिल्याच दिवशी 'जावईबापू' ठेवले. "आजून काम काय केलं न्हाई, आन मानपान बगा," ते पुण्याहून आलेल्या इंजिनिअर मुलीला म्हणाले. पहिल्याच आठवड्यात यंत्रणेने तीन गाड्या आष्ट्यातून पाठवल्या. त्या दिवशी तिथला बाजार होता. तिन्ही गाड्या भाजीच्या पाट्यांत दुपारपर्यंत अडकून पडल्या.

"जावईबापूस्नी बाजार म्हाईत न्हाई, पोरी. सांग त्येस्नी."

तिने बाजाराचे वार यंत्रणेत भरले. पुढच्या आठवड्यात गाड्या आपोआप वळसा घालून आल्या. आण्णांची चाती थांबली.

"एकदा सांगितलं की ईसरत न्हाई व्हय ह्ये?"

"नाही, आण्णा. कधीच नाही."

"मग ह्ये आपल्या घरचंच हाय," ते म्हणाले.

त्यानंतर यंत्रणेला नावे ठेवणाऱ्या ड्रायव्हरांना ते दटावू लागले. आणि खरोखरच फरक पडला होता. पूर्वेकडे रिकाम्या जाणाऱ्या गाड्या आता बारदान, पेंड, ठिबकच्या नळ्या घेऊन जात. तेवढ्याच मालासाठी फेऱ्या कमी होऊ लागल्या. मीही बैठकांमध्ये या यशाबद्दल सौम्य, विनयशील भाषेत बोलत असे.

आता माझ्या अपराधाविषयी. यंत्रणेला प्रत्येक चुलीची माहिती हवी होती: जळण काय, पाणी किती, सोबत छायाचित्र. ही पाहणी माझ्याकडे होती. सातारा जिल्ह्यातल्या चुली मी स्वतः जाऊन पाहिल्या. मी मूळचा कोरेगावकडचा. त्या वाटेवर नातलगांची घरे होती आणि प्रत्येक ठिकाणी पान वाढलेले असे. वाळव्याकडच्या चुलींवर मी सहायकांना पाठवले. राहिल्या पूर्वेकडच्या बावीस चुली. उन्हाळा कडक होता, वाट लांब होती. मी विश्रामबागेत बसून बावीसही चुलींपुढे 'ओले लाकूड' असे लिहिले आणि कोणीतरी कधीतरी काढलेले एका धुरकट चुलीचे छायाचित्र बावीस वेळा डकवले. कोरड्या मुलखातले लोक बाभळी तोडण्यावाचून दुसरे काय जाळणार, असे मी मनाशी म्हटल्याचे मला आठवते. मला त्या वेळी ते खोटे वाटलेच नाही. माझ्या मते मला ते ठाऊक होते.

यंत्रणेने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. बावीसही चुली लाल झाल्या. त्या भागात नव्याने सुरू होणारी चूलसुद्धा ती न पाहताच लाल धरू लागली, कारण तिकडची माणसे काय जाळतात हे मी तिला शिकवले होते.

त्या बाविसांत बाळाक्काची चूल होती. बाळाक्का ही आण्णांची विधवा धाकटी बहीण. गावातल्या नऊ बायकांना घेऊन ती हळद शिजवून देण्याचे काम करी. त्या भागात द्राक्षबागा आहेत. छाटणीच्या काड्या शेतकरी बांधावर नुसत्याच जाळून टाकतात. बाळाक्का त्या गोळा करून, मोळ्या बांधून, वर्षभर वाळवून जाळी. एका खेपेचे गरम पाणी ती दुसऱ्या खेपेला वापरी. तेलाची पिंपे जोडून तिने धुराडे उभे केले होते. जिल्ह्यात याहून स्वच्छ चूल नसेल. हे मला नंतर कळले.

एका दुपारी आण्णा माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत प्रथमच. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"सायेब, जावईबापू बाळाक्काच्या चुलीला लाल म्हनत्यात."

"ते माहितीवरून ठरतं, आण्णा. आपल्या हातात नसतं."

"म्हायती दिली कुनी?"

"पाहणी झाली होती."

"तुमी सोता गेलता व्हय? बाळाक्काच्या चुलीवर?"

खोटे बोलण्यासाठी मला क्षणभरही थांबावे लागले नाही. "गेलो होतो."

"च्या दिला का तिनं?"

"दिला की. चांगला होता."

आण्णांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. "बरं," म्हणाले आणि गेले.

नवरा वारल्यापासून बाळाक्काने चहा सोडला होता. तिच्या चुलीवर येणाऱ्याला हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे प्यायला मिळते, चहा नाही, हे त्या पंचक्रोशीत सर्वांना माहीत होते. मला नव्हते.

त्यानंतर वर्षभर आण्णा त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. रोज सकाळी हसून "नमस्कार, सायेब" म्हणत. मी समजलो, विषय मिटला. स्थानिक बाजारासाठी पूर्वेकडची हळद घ्यायला गाड्या जातच होत्या. प्रत्येक ड्रायव्हरला आण्णांनी सांगून ठेवले होते की चुलीचे तोंड, जळणाचा ढीग आणि शेजारी उभा असलेला मालक, असा फोटो काढायचा आणि फाटकावरच्या नोंदीला जोडायचा. तशी सोय यंत्रणेत पहिल्यापासून होती; ती कोणी वापरत नव्हते एवढेच. प्रत्येक फोटोबरोबर ठिकाण आणि वेळ आपोआप जात होती. आण्णांनी कुठेही तक्रार केली नाही, कुणाचे नाव घेतले नाही. ते यंत्रणेला फक्त खरे दाखवत राहिले. एकदा नव्हे, प्रत्येक खेपेला.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर यंत्रणेनेच हाक मारली. बावीस जुन्या नोंदींचे छायाचित्र एकच आहे, फाटकावरून आलेली छायाचित्रे निराळी आहेत, आणि नोंद करणाऱ्याचे नाव पिसाळ आहे. पिसाळ म्हणजे मी. हा इशारा ग्राहकाच्या तपासनीस बाईंकडेही एकाच वेळी गेला.

विश्रामबागेत बैठक बसली. मालक, तपासनीस बाई, ती इंजिनिअर मुलगी, मी, आणि भिंतीला टेकून उभे आण्णा. मालकांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "आण्णा, तुमच्या माणसांचं नुकसान झालंय. तुम्हीच सांगा. आजच्या आज काढून टाकू यांना?"

"नोकरी काडू नका," आण्णा म्हणाले. मला, खरे सांगतो, त्या क्षणी त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटली. "नोकरी काडली तर घरी जाऊन पंख्याखाली बसत्याल. लोकांस्नी सांगत्याल, मशीननं घालवलं."

"मग काय करायचं?"

"बावीसच्या बावीस चुलींवर जाऊ द्या त्येस्नी. हापिसच्या गाडीतनं न्हाई, मालाच्या ट्रकातनं. दर चुलीम्होरं एक हळद शिजूस्तवर बसायचं. मग सोताच्या हातानं नोंद करायची. आन बाळाक्काकडं शेवटाला जायचं."

"आणि ती जुनी चुकीची नोंद आम्ही पुसून टाकतो," इंजिनिअर मुलगी म्हणाली.

"पुसायची न्हाई!" त्यांचा आवाज मी तेवढा एकदाच चढलेला ऐकला. "तशीच ऱ्हाऊ दे, नावासकट. खाली खरी लिवा. उद्या ज्यो कोन बगंल त्येला दोनी दिसाय पायजेत."

तसेच झाले. त्या एप्रिलात मी ट्रकच्या केबिनमधून गावोगाव हिंडलो. इंजिनाची ऊब पायांना, चुलीची तोंडाला. हळद शिजायला किती वेळ लागतो हे वीस वर्षे हळदीच्या धंद्यात राहून मी प्रथमच पाहिले. लोकांना सारे कळले होते.

"या या, फोटूवालं सायेब आलं!"

"आवं सायेब, औंदा तरी येगयेगळं काडा. का एकाच चुलीवर बावीस घरं बसवायची?"

कोणी शिवी दिली नाही. बसायला पोते टाकत आणि मला पाहत राहत. बहुतेकांचे जळण काड्या, पाला, हळदीचीच वाळलेली पाने. दोन चुली मात्र ओल्या बाभळीवर चालत होत्या. त्या मी लालच ठेवल्या. आण्णांना ते सांगितले तेव्हा म्हणाले, "लाल असंल तर लाल. मी काय हिरवं मागितलं हुतं?"

बाविसाव्या दिवशी मी बाळाक्काकडे पोहोचलो. चूल नव्हती.

जमिनीवर काळे वर्तुळ होते. शेजारी काड्यांच्या वाळलेल्या मोळ्या नीट रचून ठेवलेल्या. भावासारखीच उंच असलेली एक बाई पुढे आली आणि तिने त्या वर्तुळासमोर पोते अंथरले.

"बसा."

"अक्का, चूल..."

"व्हती. दिवाळीत मोडली, भंगारवाल्याला घातली. बसा. दादानं सांगितलंय, हळद शिजूस्तवर बसवायचं."

मी बसलो. ती समोर शेंगा फोडत बसली. ऊन सरकत होते. मध्येच उठून तिने माडगे आणून माझ्यापुढे ठेवले. ते प्यावे की नाही हे मला कळेना. शेवटी प्यालो.

"बंद का केली?" मी विचारले. मला ठाऊक होते, तरी विचारले.

"लाल चुलीवर बाया येत न्हाईत. लोक म्हनाय लागली, बाळाक्का काड्या दावती आन ओलं जाळती; मशीन काय खोटं सांगंल? मी किती जनांस्नी सांगत फिरू? आता त्या दुसऱ्याच्या बागंत छाटनीला जात्यात. मीबी जाते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेंगा फुटत होत्या.

"माझं चुकलं, अक्का. मी नवी चूल उभी करून देतो."

तिने उरलेल्या शेंगा फोडून संपवल्या. मग टरफले झटकली आणि त्या काळ्या वर्तुळाकडे पाहिले.

"उठा आता. शिजली आसंल."

यंत्रणेत त्या चुलीची नवी नोंद मला करता आली नाही. पाहणीच्या वेळी पेटलेल्या चुलीच्या छायाचित्राशिवाय रंग बदलत नाही; ड्रायव्हरांचे जुने फोटो त्याला पुरत नाहीत. इंजिनिअर मुलगी म्हणाली, फार तर ती 'बंद' म्हणून काढून टाकता येईल. आण्णांनी ते होऊ दिले नाही. चूल मोडल्याचे त्यांना दिवाळीपासून माहीत होते. मला शेवटी तिथे पाठवताना माहीत होते. ट्रकमधून मी फाटकात उतरलो त्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी आनंदच म्हणेन. तो त्यांनी लपवला नाही.

"माडगं प्यालासा?"

"प्यालो."

"आता खरं बोललासा," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीला हात केला.

त्या आनंदाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. तो निर्दय होता, असे काही दिवस मला वाटे. मी त्यांना मनातल्या मनात दूषणेही दिली. पण वर्षभर चुली लाल असताना, बाळाक्का गावात खोटी पडत असताना, मी बैठकांतून यशाबद्दल बोलत होतो. माझा तो शांत, समंजस आवाज मला आठवतो, आणि आण्णांचा आनंद त्यापुढे मला प्रामाणिक वाटतो.

यंदाच्या हंगामाअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणे झाली. हमाल पाया पडले, ड्रायव्हरांनी त्यांना उचलून घेतले. ते गावाकडे निघाले तेही मालाच्या ट्रकनेच. वळकटी आणि पत्र्याची पेटी आधीच वर चढली होती. सगळे पांगल्यावर मी जवळ गेलो.

"आण्णा, मला माफ करा."

ते एक पाय ट्रकच्या पायरीवर ठेवून थांबले. "तिच्याकडं मागितली?"

"मागितली. तीन वेळा जाऊन आलो."

"काय म्हनली?"

"काही म्हणत नाही."

"मग मी कोन देनार?" ते म्हणाले. मग पटका सारखा करत, "बाविसावी लाल हाय न्हवं आजून?"

"आहे. खाली माझं नावही आहे."

"ऱ्हाऊ दे."

ते केबिनमध्ये चढले. ट्रक फाटकातून बाहेर पडताना त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढून मागे पाहिले. मी हात वर केला. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. मागचे चाक गटारीच्या कडेवरून नीट निघते की नाही, हे पाहत होते. "येऊ दे... येऊ दे... बास," असे ते ड्रायव्हरला म्हणाले. चाक निघाले, त्यांनी डोके आत घेतले, आणि गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली.